बेटाला कागद पाठवणारे दोघे

थंडीच्या दिवसांत येडगावच्या बाजूला हिरव्या द्राक्षांच्या बागेत गेलात, तर तुम्हाला घड दिसायचे नाहीत, कागद दिसतील. थंडीनं मणी गुलाबी पडतात, उन्हानं भाजतात, म्हणून प्रत्येक घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून त्याला पिन मारायची असते. हे काम आम्ही बायका करतो. ओळीच्या एका अंगाला एकजण, दुसऱ्या अंगाला दुसरी. दोघींच्या मध्ये आधी पानं असतात, मग हळूहळू कागदांचा पडदा तयार होतो. शेवटी पलीकडचीचे नुसते पाय दिसतात आणि आवाज ऐकू येतो.

त्या पडद्यासाठीच मला हे काम आवडतं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लग्नाला गेले तर मी आचाऱ्यांच्या बाजूला कांदे चिरताना सापडते. पण कागदाआड मी एखादं तिखट वाक्य हळूच सोडून देते आणि लगेच पिना मारायला लागते. सगळ्यांना वाटतं माझी धाकटी जाऊ बोलली. ती बोलतेच इतकं, की आणखी एक वाक्य तिच्या नावावर गेलं तरी तिला पत्ता लागत नाही.

कागद परदेशातले असतात. नारायणगावला रद्दीवाल्याकडं त्यांचे गठ्ठे येतात. आपल्या पेपरापेक्षा रुंद आणि दमदार, दव पडलं तरी लगेच फाटत नाहीत. गेल्या हंगामात दोन देशांची रद्दी आली होती. एकीवर इंग्रजी अक्षरं आणि दुसरीवर गोल नि चौकोन एकमेकांवर रचल्यासारखी काहीतरी लिपी. आम्हाला दोन्ही सारख्याच. वाचता येत नाही तेच बरं, नाहीतर एक घड झाकून झाला नसता. चित्रं मात्र आम्ही बघतो. जावेची तर रीतच आहे, ओळीच्या पहिल्या घडाला चांगलासा पुरुष लावायचा. "ह्यो माज्या ओळीचा मुकादम," असं म्हणते. एकदा तिनं पोहणारा गडी लावला, अंगावर वीतभर चड्डी. बागवाले भाऊ पाणी बघायला आले, तर तोच समोर.

"अवो बाई, झाका की त्याला," ते म्हणाले.

"त्येच्यानंच तर तुमचा घड झाकलाय, भाऊ," जाऊ म्हणाली.

भाऊ त्या ओळीत पुन्हा आले नाहीत.

तर त्या हंगामात एक दिवस माझी भाची मंचरहून आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. खांद्यावर फुगलेली बॅग, डोळे सुजलेले. पाणी प्यायली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही आणि तिला सांगता येत नाही. आमच्या घराण्यात हे एक माझ्यात आलंय आणि एक तिच्यात. माझा भाऊ बटाट्याच्या गाळ्यावर दिवसभर ओरडत असतो, त्याच्यावर कसं काय गेली नाही, देव जाणे.

थोड्या वेळानं भावाचाच फोन आला.

"आक्का, पोरगी पोचली का? काल कालेजात हिला प्रोजेक्टवर बोलायचं व्हतं. समद्या वर्गापुढं हुबी राह्यली आन् तोंडच उघडलं न्हाई. रडत घरी आली. आता म्हणती, कालेजच सोडते."

"मग?"

"मग काय मग! मॅडमनी आणखी एक संधी दिलीया. पुढच्या आठवड्यात बाहेरचे सर येणारेत, त्येंच्यापुढं बोलायचं. ह्या बारीला न्हाई बोलली तर प्रोजेक्ट नापास, वरीस गेलं. आन् एकदा घरी बसली की ती परत जायची न्हाई, मी वळखतो तिला. तू समजाव."

"मी?"

"मग कोण?"

"मी काय बोलू रे?"

"तेच म्हणतो मी. बोलता येत न्हाई म्हंजी काय व्हतं, ते तुला ठावं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरात एकटी कशी ठेवू, म्हणून बागेत घेऊन गेले. हातात पिना मारायचं मशीन दिलं आणि माझ्या ओळीच्या पलीकडं उभी केली. शेजारच्या ओळीत जाऊ होती. तिच्यासमोर मेंढरंवाली आजी. आजींच्या घरी आता मेंढरं नावाला राहिलीत, मुलांनी ऊस आणि टोमॅटो धरलाय. आजींना पैशाची गरज नाही, पण घरी सुनांशी भांडून भांडून कंटाळा येतो म्हणून त्या आमच्यात कामाला येतात. असं त्याच सांगतात.

बराच वेळ पलीकडून नुसता मशीनचा खटखट आवाज येत होता. मग जाऊ म्हणाली, "काय गं पोरी, कालेजात काय शिकत्यात तुमी? आमाला बी सांग की."

मला वाटलं आता ही रडणार. पण कागदाआडून बारीक आवाज आला, "एक प्रोजेक्ट आहे."

"कशावर?"

"कागदावर."

"हात्तिच्या! मग हितंच घे की समदं प्रोजेक्ट!"

"तसं नाही काकू. एक बेट आहे. लांब समुद्रात. तिथं दोन देश कागद आणि पुठ्ठा विकतात. कुणी काय पाठवलं, किती पाठवलं, वर्षावर्षाला ते कसं बदललं, ह्याची तुलना करायची."

"बेट म्हंजी पाण्यातलं? आपल्या धरणात उन्हाळ्यात उघडं पडतं तसलं?" आजींनी विचारलं.

"तसंच आजी, पण मोठं. माणसं राहतात, शाळा आहेत, हॉटेलं आहेत. पण कागदाचा कारखाना नाही. सगळं बाहेरून मागवतात. खोकी, वह्या, चहाचे कप, हात पुसायचा कागद. आणि... संडासात वापरायचा कागद."

मशीनं थांबली. जाऊ म्हणाली, "आगं, चहूबाजूनं पाणी, आन् कागद मागवत्यात?"

त्यानंतर काय हसलो म्हणता! आजींना ठसका लागला. मी पण हसले, आणि पलीकडून भाचीचं हसू ऐकू आलं, आधी नाकातून, मग खरंखुरं.

"आन् हे दोन देश कोण?" जाऊनं विचारलं.

भाचीनं नावं सांगितली, पण ती आमच्यात फार वेळ टिकली नाहीत. कारण तिनं पुढं समजावून सांगितलं, की ते बेट स्वतंत्र नाही. दोनातला एक देश फार लांबचा आहे, पण बेटावर राज्य त्याचं. दुसरा देश जवळचा, त्याचा बेटावर काही हक्क नाही, पण त्याचं जहाज लवकर पोचतं.

आजींनी पिन मारता मारता निकाल देऊन टाकला. "म्हंजी नवरा लांब, आन् शेजारी जवळ."

"अगं बाई!" जाऊ म्हणाली. "मग आदी का न्हाई सांगितलंस? आता ऐकायला मजा हाय."

त्या दिवसापासून देशांची नावं गेली. नवरा आणि शेजारी. भाचीनं एकदोनदा "तसं नाही हो" म्हणून बघितलं, पण आम्ही कुणी ऐकलं नाही, आणि मग तिलाही ते सोपं वाटायला लागलं असावं. रोज कामाला लागलं की जाऊ हाक मारायची, "हां, कालचं कुठवर आलं व्हतं?" आणि भाची पुढचं वर्ष सांगायची. ह्या वर्षी नवऱ्यानं खोकी कमी पाठवली. ह्या वर्षी शेजाऱ्याच्या टिश्यू पेपराला उठाव आला. लेबलांचा आणि चांगल्या छपाईचा कागद मात्र नवऱ्याकडूनच.

"चांगलंचुंगलं नवऱ्याचं, आन् पुसापुशीचं शेजाऱ्याचं," असं एक वाक्य पडलं. ते माझं होतं. जाऊच बोलली असं समजून सगळ्या हसल्या.

दोन पक्ष पडले. जाऊ शेजाऱ्याच्या बाजूची. मला वाटलं आजीही तिकडंच असतील, कारण त्यांचे मालक पाऊस सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि उन्हाळ्यात वर यायचे. तोवर आजी, सासू आणि पोरं वस्तीवर. पण आजी नवऱ्याकडच्या निघाल्या.

"आजी, तुमाला काय कळत न्हाई व्हय?" जाऊ म्हणाली. "नवरा कोकणात. घरातलं मीठ सरलं तर शेजाऱ्याकडंच जायच्या ना?"

"जायची की. मीठ देयाचा, मिरची देयाचा. पर सुकट कुणी आणली? खोबरं कुणी आणलं? शेजाऱ्यानं दिली का कधी सुकट?"

"वर्सातनं एकदा सुकट आन् त्येचं एवढं कवतिक!"

"तुजा नवरा रोज घरी येतो. काय आणतो गं?"

जाऊ गप्प झाली. अशी ती क्वचित होते, म्हणून मी इथं नोंदवून ठेवते.

भाचीला आता रंग चढत चालला होता. एखादं वर्ष चांगलं असलं की ती मुद्दाम अडवून धरायची. "हे चहा झाल्यावर सांगते," असं म्हणायची आणि पुढच्या घडाला जायची. आम्ही कागदावरून वाकून विचारायचो, तर ती खाली बसून लपायची. आणि मग एक दिवस ते वर्ष आलं. इतकी वर्षं शेजाऱ्याचं वाढत वाढत गेलेलं, आणि त्या वर्षी एकदम धाडकन खाली. नवऱ्याचं तिकडं वर.

"कशापायी?" आजींनी विचारलं.

"ते अजून मला सापडलं नाही."

"भांडान झालं आसंल."

"छ्या," जाऊ म्हणाली. "शेजारणीला कळलं आसंल!"

त्या दिवशी आमचं काम फार थोडं झालं.

सगळं छान चाललं होतं, पण चहाला बांधावर बसलो की भाची पुन्हा मुकी. जाऊनं मुद्दाम तिला म्हणून बघितलं, "हितं बसून सांग की गं, कालचंच सांग." भाचीनं आमच्या तोंडांकडं बघितलं, कान लाल झाले आणि कपात बघत बसली. कागदाआड तर मीही बोलते. त्याला बोलणं म्हणत नाहीत. मंचरच्या कॉलेजात कुणी द्राक्षाची ओळ लावून ठेवणार नव्हतं.

बांधाच्या कडेला पॅकिंगच्या पेट्यांचे सपाट पुठ्ठे येऊन पडले होते. जाऊनं एक उचलला, भाचीच्या हातात दिला. "घे. धर तोंडापुढं. आमी न्हाई तुला बघत."

तिनं थट्टा केली होती. पण भाचीनं खरंच पुठ्ठा तोंडासमोर धरला, आणि एका दमात सगळं वर्ष सांगून टाकलं.

आजी म्हणाल्या, "ह्यो पुठ्ठाच बोलतोया की गं! हिला कशाला पाठवता कालेजात, पुठ्ठाच पाठवा."

संध्याकाळी आम्ही दोघींनी घरी तसाच एक मोठा पुठ्ठा घेतला. मी कणकेची खळ शिजवली आणि त्यावर पांढरा कागद चिकटवला. भाचीनं पट्टीनं उभे पट्टे काढले, एकाशेजारी एक, प्रत्येक वर्षाचे दोन. रंग जावेनं ठरवले होते. नवरा तांबडा, शेजारी जांभळा. बाकीच्या पोरांनी कॉम्प्युटरवर चित्रं केली होती म्हणे, पण मॅडमनी चार्ट चालेल असं आधीच सांगितलं होतं. चार्ट किती मोठा असावा आणि तो कुठं धरावा, ते सांगितलं नव्हतं.

ज्या दिवशी बोलायचं होतं त्या सकाळी भाची म्हणाली, "आत्या, तू चल. नाहीतर मी जात नाही."

मी लुगडं बदललं. चार्ट एवढा मोठा, की एसटीत कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट काढा." तो उभा धरून आम्ही मंचरपर्यंत गेलो. हायवेवर ट्रकांची अशी रांग, मला मनातून वाटत होतं उशीर व्हावा आणि सगळं टळावं. ते मी तिला सांगितलं नाही.

मी व्हरांड्यात खिडकीपाशी थांबणार होते. पण मॅडम बाहेर आल्या, "तुम्ही हिच्या कोण? आत्या का? आत बसा की," म्हणाल्या, आणि मला आत न्यावं लागलं त्यांना जवळपास हाताला धरून. मी अगदी शेवटच्या बाकावर, एका जाडजूड मुलाच्या पाठीमागं बसले. चौथीनंतर मी पहिल्यांदाच बाकावर बसत होते. शाळेतही पाठीमागंच बसायचे.

बाहेरचे सर वयस्कर होते. मफलर गुंडाळलेला, नाक लाल, समोर कागदी रुमालांचं पाकीट. त्यांना बिचाऱ्यांना सर्दी झाली होती. मुलं एकेक जण येत होती, भिंतीवर चित्र पाडत होती, आणि त्यावर लिहिलेलंच वाचून दाखवत होती. सरांचे डोळे मिटत चालले होते.

मग भाचीला बोलावलं. ती पुढं गेली, चार्ट दोन्ही हातांनी उचलला आणि वर, वर, कपाळापर्यंत नेला. वर्गाला दिसत होते तांबडे-जांभळे पट्टे, खाली तिचे पाय आणि दोन्ही बाजूंना चार चार बोटं.

"चार्ट थोडा खाली घे," मॅडम म्हणाल्या. चार्ट बोटभर खाली आला आणि पुन्हा वर गेला.

आणि चार्टाआडून आवाज सुरू झाला. बागेतला आवाज. बेट कुठं आहे, त्याच्यावर कुणाचं राज्य, जवळचा देश कोणता, कारखाना का नाही. मी पदर तोंडात धरून बसले होते. सगळं नीट चाललं होतं. ती टिश्यू पेपरावर आली. "हात, तोंड आणि नाक पुसायचा कागद मुख्यत्वे जवळच्या देशाकडून येतो," असं ती म्हणाली, आणि नेमकं त्याच वेळी सरांना जोरात शिंक आली. त्यांनी पाकिटातला कागद ओढला आणि नाकाला लावला.

सगळा वर्ग हसला. मॅडमसुद्धा. सरही थोडे हसले असतील, कागदाआड दिसलं नाही.

पण भाचीला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तिला फक्त हसणं ऐकू आलं.

आवाज बंद पडला. हसणं थांबलं तरी आवाज येईना. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "हां, पुढे बोल." काही नाही. बोटं नुसती पांढरी पडत चालली होती. मला माहीत होतं आता काय होणार. चार्ट खाली येणार, ती कुणाकडं न बघता दाराकडं जाणार, आणि मग मंचरलाही राहणार नाही आणि कॉलेजलाही येणार नाही. मला ते इतकं स्पष्ट दिसलं, जणू ती दारातून गेलीच होती.

त्यानंतर मला कुणाचा तरी आवाज ऐकू आला.

"मग गं? पुढं काय झालं?"

बागेत मारतात तशी हाक. चांगली दोन ओळी पलीकडं जाईल अशी. सगळ्या वर्गानं मागं वळून बघितलं. पुढचा जाडजूड मुलगासुद्धा वळला, त्यामुळं मला लपायलाही काही राहिलं नाही. ह्या खेपेला जाऊ इथं नव्हती. आवाज माझाच होता.

पुढं चार्टाआडून कुणीतरी नाक ओढलं. आणि मग, "सांगते की," असं उत्तर आलं.

"सांगते. तर शेजाऱ्याचं वाढत गेलं. वर्षामागून वर्ष वाढलं. नवऱ्याला कळत होतं, पण लांबून तो काय करणार? जहाजाचा खर्च त्याला जास्त पडतो. म्हणून त्यानं साध्या कागदाचा नाद सोडला आणि भारी कागद पाठवायला लागला..."

सर सरळ होऊन बसले.

"एक मिनिट," ते म्हणाले. "नवरा कोण?"

चार्ट थबकला. पण आता ती गाडी थांबणारी नव्हती. "ज्या देशाचं राज्य आहे तो, सर. तो तांबडा. जवळचा देश म्हणजे शेजारी. जांभळा."

"बरं. आणि बेट?"

"बेटाला काय, सर, दोघांचंही लागतं."

पुन्हा हसले सगळे, आणि आता हसणं कशाचं आहे ते तिला कळलं असावं, कारण चार्टाआडून तीही हसली. सरांनी नाक पुसलं, हातानं खूण केली. "तो चार्ट जरा खाली ठेवा. मला प्रश्न विचारायचा आहे, आणि मी पुठ्ठ्याला प्रश्न विचारत नाही."

तिनं ठेवला. भिंतीला टेकवून, नीट. तोंड तांबडं होतं, नवऱ्याच्या पट्ट्यासारखं. केस विस्कटलेले. पण उभी होती.

"ह्या एका वर्षी जवळच्या देशाची निर्यात एकदम घसरलेली दिसते. कशामुळं?"

मी डोळे मिटले. ते वर्ष.

"मला माहीत नाही, सर," भाची म्हणाली. आवाज खणखणीत. "मी शोधलं, पण कारण सापडलं नाही. आणखी शोधायला पाहिजे." मग जरा थांबून ती म्हणाली, "आमच्या येडगावच्या एक आजी म्हणतात भांडण झालं असेल. आणि काकू म्हणतात, शेजारणीला कळलं असेल."

त्यानंतर वर्गात जे काही झालं ते मी सांगत नाही. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटला एवढं सांगते. सर हसता हसता पुन्हा शिंकले. शेवटी म्हणाले, "कारण शोधून लिहा आणि मॅडमना द्या. आजी-काकूंचं मत आहे तसं लिहू नका, म्हणजे झालं. बसा, पास आहात." मग मागं माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि बाई, तुम्ही बरं विचारलंत. मीही तेच विचारणार होतो."

मी उठून नमस्कार केला की तशीच बसून राहिले, मला आठवत नाही.

बाहेर व्हरांड्यात मुलींनी भाचीला घेरलं. "तुझी काकू कोण गं?" "शेजारणीचं नंतर काय झालं?" ती मध्ये उभी राहून हातवारे करून सांगत होती, चार्ट वर्गातच विसरून. मी खांबाआड थांबले. बराच वेळ थांबले. मग ती माझ्याकडं धावत आली.

"आत्या, तू जाशील ना? मला दुपारचं लेक्चर आहे. आणि लायब्ररीत जायचंय, ते वर्ष शोधायला. पप्पांना सांगते मी घरीच येते म्हणून. तुझ्याकडची बॅग नंतर नेईन."

"जा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बागेत मी वेळेवर हजर. माझ्या ओळीच्या पलीकडं कुणी नव्हतं.

"पोरगी कुठंय?" जाऊ म्हणाली.

"मंचरला. कालेजात."

"म्हंजी बोलली?"

"बोलली."

"आगं मंग सांग की!" आजी पलीकडून म्हणाल्या. "काय बोलली? सायेब काय म्हनला? माजं नाव घेतलं का न्हाई?"

मी मशीनमध्ये पिना भरल्या. एक घड झाकला. दुसरा झाकला. सगळ्या थांबल्या होत्या, हे मला न बघताच कळलं. मग मी सांगायला लागले, पहिल्यापासून, एसटीतल्या कंडक्टरपासून.

"जोरात बोल गं," जाऊ म्हणाली. "हितं काय ऐकू येत न्हाई. का तुला बी पुठ्ठा देऊ?"

मी ओळीखालून वाकून त्यांच्या बाजूला गेले आणि दोघींच्या समोर उभी राहून सांगायला लागले.